परिचारिकेची पीएच.डी. : पायऱ्या, मुदती आणि रुग्णालयाची जबाबदारी



वार्षिक अहवालाच्या अखेरीस जोडलेल्या हिशेबपत्रकांत 'कर्मचारी प्रशिक्षण व अभ्यासरजा' असे एक खाते असते. वेतन, औषधे, प्राणवायू, वीज या खात्यांच्या तुलनेत ते लहान आहे. तथापि त्याविषयी विचारणा होत नाही असे वर्ष जात नाही. "परिचारिकेने पीएच.डी. केल्याने रुग्णाच्या पदरात काय पडते?" हा एक प्रश्न, आणि "या शिक्षणाला एवढी वर्षे का लागतात?" हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. धर्मादाय संस्थेचा पैसा हा समाजाने विश्वासाने सोपविलेला पैसा असतो आणि त्याच्या प्रत्येक खर्चाचे कारण विचारण्याचा सभासदांना अधिकार आहे.

प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, परिचर्याशास्त्राचा अभ्यासक नव्हे. परंतु परिचारिकांच्या अर्जावर 'ना हरकत' असा शेरा लिहून सही करण्याचे काम प्रशासनाकडे येते. सही करणाऱ्याने आपण नेमकी कशास संमती देत आहोत हे जाणून घेणे क्रमप्राप्त आहे. त्या निमित्ताने पीएच.डी.ची नियमावली वाचावी लागली आणि एक गोष्ट प्रकर्षाने लक्षात आली. या अभ्यासक्रमाची जवळजवळ प्रत्येक अट ही अंती वेळेची अट आहे. आणि नोकरी करणाऱ्या परिचारिकेचा वेळ तिच्या हाती नसून ड्यूटीच्या तक्त्यात, म्हणजेच आपल्या हाती असतो. त्या दृष्टीने हा सारा मार्ग सभासदांपुढे ठेवीत आहे.

परिचर्येत संशोधन कशासाठी?

आधुनिक परिचर्येचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची हाती दिवा घेतलेली प्रतिमा सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या हाती आकड्यांची वहीही होती, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. क्रिमियाच्या युद्धात (१८५३ ते १८५६) जखमांपेक्षा रोगराईने अधिक सैनिक दगावले, हे त्यांनी मायदेशी परतल्यावर आकडे आणि आकृत्या मांडून दाखवून दिले. लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेच्या त्या पहिल्या महिला सदस्य होत. सेवा आणि हिशेब यांचे नाते परिचर्येत असे आरंभापासूनच आहे.

आजच्या वॉर्डातील एक उदाहरण घेऊ. दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या माकडहाडाला, टाचांना, पाठीला जखमा होतात. त्यांना आपण 'बेडसोअर' म्हणतो. त्या होऊ नयेत म्हणून सिस्टर ठराविक वेळाने रुग्णाची कूस बदलतात. परंतु कोणत्या रुग्णाला अधिक धोका आहे? किती वेळाने कूस बदलावी? गादी कशी असावी? आहाराचा यात किती वाटा आहे? हे प्रश्न प्रामुख्याने परिचर्येचे आहेत आणि त्यांची उत्तरेही तेथूनच यावी लागतात. बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या दोन अमेरिकन परिचर्या-संशोधकांनी असा धोका मोजण्याची पट्टी तयार करून १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. रुग्णाची संवेदना, त्वचेचा ओलसरपणा, हालचाल, कूस बदलण्याची क्षमता, पोषण आणि अंथरुणाशी होणारे घर्षण या सहा बाबींना गुण देऊन ६ ते २३ या दरम्यान बेरीज येते. बेरीज जितकी कमी तितका धोका अधिक. आज जगभरच्या रुग्णालयांत 'ब्रेडन स्केल' या नावाने ती वापरली जाते.

रुग्णाच्या पदरात काय पडते, या प्रश्नाचे हे एक उत्तर आहे. पीएच.डी. ही अशा प्रश्नाचे उत्तर शिस्तीने शोधण्याची आणि ते इतरांना तपासता येईल अशा रीतीने मांडण्याची परीक्षा होय. तिच्यामुळे औषधे लिहून देण्याचा किंवा वैद्यकीय व्यवसाय करण्याचा अधिकार मिळत नाही. नावामागे 'डॉ.' लागले तरी परिचारिका ही परिचारिकाच राहते, आणि रुग्णाचा गैरसमज होऊ नये म्हणून नामपट्टीवर तिचे पदनाम स्पष्ट असणे इष्ट आहे.

पीएच.डी.पूर्वीची शिडी

आपल्या देशात परिचर्येचे पदवी शिक्षण १९४६ मध्ये दिल्ली व वेल्लोर येथे सुरू झाले. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ चा. त्याच्या जागी राष्ट्रीय आयोगाची तरतूद करणारा नवा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला. पदव्युत्तर शिक्षण त्यानंतर आले आणि डॉक्टरेटची सोय तर कितीतरी उशिरा. मार्गदर्शकांची वाण मोठी असल्याने परिचर्या परिषदेने २००५-०६ च्या सुमारास बेंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या सहकार्याने पीएच.डी.साठी राष्ट्रीय स्तरावर एक संघटित योजना आखली व तिला जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य मिळाले. महाराष्ट्रात १९९८ मध्ये स्थापन झालेले नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ परिचर्या विद्याशाखेत पीएच.डी. प्रदान करते.

आता शिडीचा हिशेब मांडू. बारावीनंतर बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षे, त्यानंतर किमान एक वर्षाचा अनुभव आणि एम.एस्सी. नर्सिंगची दोन वर्षे, अशी सात वर्षे झाली. जी एन एम पदविकेच्या मार्गाने आलेल्या मुलीची तीन वर्षे पदविकेची, दोन पोस्ट बेसिक बी.एस्सी.ची, दोन एम.एस्सी.ची आणि एक अनुभवाचे, अशी किमान आठ होतात. प्रत्यक्षात मधल्या काळात नोकरी, विवाह, अपत्ये आणि घरची जबाबदारी येते. त्यामुळे पीएच.डी.च्या दाराशी येणारी सिस्टर ही बहुधा वॉर्डाचा अथवा अध्यापनाचा भार सांभाळणारी अनुभवी व्यक्ती असते. तिला पूर्णवेळ मोकळी करणे संस्थेला जड जाते, आणि नोकरी सोडणे तिला परवडत नाही.

पहिली पायरी : प्रवेश

पीएच.डी.ची देशव्यापी चौकट विद्यापीठ अनुदान आयोग ठरवितो. याविषयीची नियमावली २००९ मध्ये, पुढे २०१६ मध्ये आणि त्यानंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये नव्याने निघाली. या लेखातील मुदती व अटी २०२२ च्या नियमावलीतील आहेत. या चौकटीत राहून प्रत्येक विद्यापीठ आपापले नियम करते. म्हणून इच्छुक परिचारिकेने आपल्या विद्यापीठाची माहितीपुस्तिका मुळातून वाचणे आवश्यक आहे.

प्रवेशासाठी पदव्युत्तर परीक्षेत किमान ५५ टक्के गुण लागतात. आरक्षित प्रवर्ग, दिव्यांग व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील उमेदवारांना ५ टक्क्यांची सवलत मिळू शकते. विद्यापीठ प्रवेश परीक्षा घेते तेव्हा निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. परीक्षेला ७० टक्के व मुलाखतीला ३० टक्के भारांश असतो. दूरशिक्षण पद्धतीने पीएच.डी. करता येत नाही. 'घरबसल्या पदवी' अशा जाहिरातींना कोणी भुलू नये म्हणून हे स्पष्ट सांगितलेले बरे.

उत्तीर्ण झाल्यावर मार्गदर्शक मिळावा लागतो, आणि येथे अनेकींना थांबावे लागते. प्राध्यापकाला एका वेळी जास्तीत जास्त आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधकांना मार्गदर्शन करता येते. मार्गदर्शक स्वतः पीएच.डी. असावा लागतो आणि त्याचे शोधनिबंधही प्रसिद्ध झालेले असावे लागतात : प्राध्यापक व सहयोगी प्राध्यापकांचे किमान पाच, सहायक प्राध्यापकांचे किमान तीन. ज्यांच्या निवृत्तीस तीन वर्षांहून कमी काळ उरला आहे, त्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. म्हणजे आज एका परिचारिकेची पीएच.डी. पूर्ण होणे म्हणजे उद्याच्या अनेकींसाठी एक मार्गदर्शक तयार होण्याची शक्यता. हिशेबाच्या भाषेत हा चालू खर्च नव्हे, ही भांडवली गुंतवणूक आहे.

अर्धवेळ पीएच.डी.ला नियमावलीची मुभा आहे. त्यासाठी नोकरी देणाऱ्या संस्थेचे 'ना हरकत प्रमाणपत्र' लागते. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

दुसरी पायरी : पूर्वतयारीचा अभ्यासक्रम

प्रवेश मिळाला म्हणजे लगेच संशोधन सुरू होत नाही. आधी 'कोर्सवर्क' पूर्ण करावे लागते. ते किमान १२ श्रेयांकांचे असते. त्यात संशोधन पद्धती, संख्याशास्त्र, विषयाचा सखोल अभ्यास असे भाग येतात. संशोधन व प्रकाशनाची नीतिमत्ता हा विषय सर्वांना बंधनकारक आहे. या टप्प्यावर किमान ५५ टक्के गुण मिळाल्याखेरीज पुढे जाता येत नाही व प्रबंधही सादर करता येत नाही.

सर्वसाधारणपणे एका श्रेयांकास १५ तासांचे अध्यापन धरतात. त्या हिशेबाने १२ श्रेयांकांचे १८० तास होतात. आठ तासांची एक पाळी धरली तर साडेबावीस पाळ्या झाल्या. वाचन, लेखन, परीक्षा आणि विद्यापीठाच्या गावी जाण्या-येण्याचा वेळ यात धरलेला नाही. रात्रपाळी करून सकाळच्या गाडीने वर्गाला जाणे आणि संध्याकाळी परतून पुन्हा वॉर्डात उभे राहणे हे काही दिवस शक्य असते. महिनोन्महिने शक्य नसते. त्यात रुग्णाच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

तिसरी पायरी : विषय, आराखडा आणि नीतिमत्ता समिती

प्रत्येक संशोधकासाठी एक संशोधन सल्लागार समिती असते व मार्गदर्शक तिचा निमंत्रक असतो. ही समिती विषय निश्चित करते, आराखडा तपासते, कोणता अभ्यास अधिक हवा ते सांगते. 'बेडसोअरचा अभ्यास' एवढे म्हणून भागत नाही. कोणते रुग्ण, किती रुग्ण, कोणता उपाय, तुलना कशाशी, मोजणार कसे आणि मोजणारा निःपक्षपाती कसा राहणार, हे सारे आधी लिहून द्यावे लागते.

त्यानंतर संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते. माणसांवरील आरोग्य-संशोधनासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. मंजुरीपूर्वी गोळा केलेल्या माहितीला मागाहून मान्यता देता येत नाही. घाईने केलेले काम वाया जाते. दोन वा तीन रुग्णालयांत अभ्यास करावयाचा असेल तर प्रत्येक ठिकाणची परवानगी घ्यावी लागते.

परिचारिकेच्या संशोधनात आणखी एक नाजूक बाब असते. जी सिस्टर रुग्णाला औषध देते, त्याची जखम बांधते, तिनेच संमतीपत्र पुढे केले तर त्याला 'नाही' म्हणणे अवघड जाते. सिस्टर रागावतील, सेवेत कमी पडेल, असे त्याच्या मनात येऊ शकते. म्हणून संमती मागणारी व्यक्ती शक्यतो प्रत्यक्ष सेवा देणाऱ्या व्यक्तीहून वेगळी असावी, माहिती रुग्णाला समजेल अशा मराठीत द्यावी आणि नकार दिल्यास उपचारात तसूभरही फरक पडणार नाही, हे सांगावे. आपल्यासारख्या रुग्णालयात, जेथे सवलतीच्या दरात उपचार घेणारे रुग्ण मोठ्या संख्येने येतात, तेथे ही दक्षता अधिकच हवी. उपकृत असल्याच्या भावनेतून दिलेली संमती ही खरी संमती नव्हे.

चौथी पायरी : सहामाही हजेरी आणि मुदती

माहिती गोळा करण्याचा काळ सर्वांत लांबतो. समजा, अभ्यासासाठी १२० रुग्ण हवेत आणि अटींत बसणारे व संमती देणारे रुग्ण महिन्याला सरासरी पाच मिळाले, तर एवढ्याच कामाला चोवीस महिने लागतील. मध्येच त्या परिचारिकेची बदली अतिदक्षता विभागातून बाह्यरुग्ण विभागात झाली, तर हा हिशेब कोलमडतो. बाहेरच्यांना जे 'रेंगाळणे' वाटते, ते पुष्कळदा असे असते.

या काळात दर सत्राला, म्हणजे सहा महिन्यांनी, संशोधकाला सल्लागार समितीपुढे उभे राहून प्रगती सांगावी लागते व अहवाल द्यावा लागतो. तीन वर्षांत काम झाले तर अशा सहा, आणि सहा वर्षे लागली तर बारा हजेऱ्या होतात. प्रगती असमाधानकारक असेल तर समिती कारणे नोंदवून सुधारणा सुचविते. त्याही न झाल्यास नोंदणी रद्द करण्याची शिफारस करू शकते. अर्धवेळ संशोधकाला यातून सूट नाही.

मुदती अशा आहेत. कोर्सवर्क धरून किमान तीन वर्षे व कमाल सहा वर्षे. पुनर्नोंदणी करून आणखी दोन, म्हणजे आठ वर्षांपर्यंत. महिला तसेच ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या संशोधकांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत देता येते. मात्र एकूण काळ दहा वर्षांहून अधिक होऊ शकत नाही. प्रसूती वा बालसंगोपनासाठी महिला संशोधकाला संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. परिचर्येच्या क्षेत्रात महिलाच बहुसंख्य असल्याने या तरतुदी प्रत्येक इच्छुक परिचारिकेने व तिच्या वरिष्ठांनी ध्यानात ठेवाव्यात.

येथे एक बारकावा आहे. ही मुदत प्रवेशाच्या दिनांकापासून मोजली जाते. आराखडा मंजूर झाल्याच्या दिवसापासून नव्हे. मार्गदर्शकाची भेट, नीतिमत्ता समितीची बैठक, अभिलेख पाहण्याची परवानगी यांत गेलेला प्रत्येक महिना त्याच सहा वर्षांतून वजा होतो. आमच्या कार्यालयाच्या टेबलावर पंधरा दिवस पडून राहिलेला कागद हा कोणाच्या तरी मुदतीतील पंधरा दिवस असतो.

पाचवी पायरी : प्रबंध, परीक्षक आणि मौखिक परीक्षा

काम पूर्ण झाल्यावर प्रबंध सादर करण्यापूर्वी सल्लागार समितीपुढे पूर्व-सादरीकरण होते. त्यास अन्य अध्यापक व संशोधक विद्यार्थी उपस्थित राहू शकतात आणि त्यांच्या सूचनांचा प्रबंधात विचार करावा लागतो.

त्यानंतर वाङ्मयचौर्याची तपासणी. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडनीय नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ४० ते ६० टक्के असल्यास एक वर्ष प्रबंध सादर करता येत नाही, आणि त्याहून अधिक असल्यास नोंदणी रद्द होते. दुसऱ्याच्या वहीतील नोंद आपल्या वहीत उतरवून ताळेबंद जुळविणे कोणत्याच शास्त्रात चालत नाही.

प्रबंध मार्गदर्शकाकडे आणि किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो. हे परीक्षक त्या विद्यापीठाच्या सेवेत नसावे लागतात. दोघांचे मत अनुकूल असले तरच मौखिक परीक्षा होते. एकाने प्रतिकूल मत दिल्यास प्रबंध तिसऱ्याकडे जातो आणि त्याचेही मत अनुकूल नसल्यास तो फेटाळला जातो. मौखिक परीक्षा खुली असते. उपस्थित अध्यापक व संशोधकांसमोर उमेदवाराला आपल्या निष्कर्षांचे समर्थन करावे लागते. प्रबंध दिल्यापासून ही सर्व प्रक्रिया सहा महिन्यांत पूर्ण करावी, अशी विद्यापीठांना सूचना आहे.

२०१६ च्या नियमांत प्रबंधापूर्वी एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे व परिषदांतून दोनदा सादरीकरण करणे सक्तीचे होते. २०२२ च्या नियमावलीने देशव्यापी सक्ती काढून टाकली. विद्यापीठ आपल्या नियमांत अशी अट ठेवू शकते. पदवी मिळण्यापूर्वी प्रबंधाची प्रत गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट' केंद्राकडे जाते व 'शोधगंगा' या भांडारात सर्वांना वाचण्यास खुली होते. कोणीही परिचारिका, कोणत्याही गावातून, ती विनामूल्य वाचू शकते.

परदेशातील वेगळी वाट

काही सभासदांची मुले-सुना अमेरिकेत परिचर्येच्या क्षेत्रात आहेत. तेथे 'डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस' नावाची पदवी असते. ती आणि पीएच.डी. एकच का, अशी पृच्छा होते. त्या दोन वेगळ्या आहेत. तेथील परिचर्या महाविद्यालयांच्या संघटनेने २००४ मध्ये या व्यावसायिक डॉक्टरेटचा पुरस्कार केला आणि २००६ मध्ये तिची अंगे निश्चित केली. त्या आराखड्यात बी.एस्सी.नंतर किमान १,००० तासांचा देखरेखीखालील प्रत्यक्ष सेवा-अनुभव आवश्यक मानला होता. शेवटी प्रबंधाऐवजी रुग्णसेवेत सुधारणा घडविणारा प्रकल्प करावयाचा असतो. पीएच.डी. नवे ज्ञान शोधते. ही पदवी उपलब्ध ज्ञान खाटेपर्यंत पोहोचविते. आपल्याकडील पीएच.डी. संशोधनाचीच आहे; परंतु तिचा शेवट खाटेपाशी झाला पाहिजे, ही अपेक्षा धर्मादाय रुग्णालयाने का ठेवू नये?

'ना हरकत' म्हणजे नेमके काय?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. अर्धवेळ संशोधकासाठी संस्थेने जे प्रमाणपत्र द्यावयाचे, त्यात नियमावलीला तीन गोष्टी अपेक्षित आहेत. एक, या कर्मचाऱ्यास अर्धवेळ शिक्षणाची परवानगी आहे. दोन, तिच्या कामाचे स्वरूप असे आहे की संशोधनास पुरेसा वेळ देता येईल. तीन, आवश्यक असल्यास कोर्सवर्कसाठी तिला कामातून मोकळे केले जाईल.

तीनपैकी पहिली बाब परवानगीची आहे. उरलेल्या दोन्ही वचने आहेत. लेखापरीक्षकाच्या भाषेत, सही होताच संस्थेवर एक देणे निर्माण होते. ते ताळेबंदात दिसत नाही, पण फेडावे लागते. ते फेडले नाही तर त्याची झळ संस्थेला बसत नाही. बसते त्या परिचारिकेला. तिची वर्षे जातात, शुल्क जाते, मुदत संपते आणि हाती पदवी येत नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. एक सिस्टर वर्गाला गेली की तिची पाळी दुसरीला करावी लागते. रजेसाठी राखीव कर्मचारी नसतील तर एकीच्या शिक्षणाचा भार चौघींच्या पाठीवर पडतो, आणि शेवटी रुग्णाच्या सेवेवर. रुग्णसेवा हे आपले प्रथम कर्तव्य असल्याने सर्व अर्जांना सरसकट होकार देणे हेही योग्य ठरणार नाही.

या दोहोंचा मेळ घालण्यासाठी प्रशासनाच्या दृष्टीने पुढील पथ्ये आवश्यक वाटतात.

प्रथम, एका वेळी जितक्या परिचारिकांना खरोखर वेळ देता येईल तितक्यांनाच ना हरकत द्यावी. निवड ज्येष्ठता व विषयाची उपयुक्तता पाहून मेट्रन व प्राचार्यांच्या सल्ल्याने व्हावी. नकार द्यावा लागला तर तो स्पष्ट शब्दांत, कारणासह आणि पुढील संधी केव्हा हे सांगून द्यावा. गोड बोलून सही करणे आणि नंतर रजा नाकारणे यापेक्षा तो अधिक प्रामाणिक आहे.

दुसरे, कोर्सवर्कच्या पाळ्या व सहामाही सादरीकरणाचे दिवस वर्षारंभीच ड्यूटीच्या तक्त्यात लिहावेत आणि त्या दिवसांसाठी बदली कर्मचाऱ्याची तरतूद अंदाजपत्रकात करावी. 'बघू, जमवू' या शब्दांवर सहा वर्षांचे काम उभे राहत नाही.

तिसरे, माहिती गोळा करण्याच्या काळात त्या परिचारिकेचा विभाग शक्यतो बदलू नये. बदलणे अपरिहार्य असल्यास मार्गदर्शकांना आधी कळवावे.

चौथे, नीतिमत्ता समितीच्या मंजुरीनंतर अभिलेख पाहण्याची परवानगी ठराविक दिवसांत द्यावी. ती विनाकारण अडवू नये.

पाचवे, आणि कदाचित सर्वांत कठीण : निष्कर्ष काहीही निघोत, ते दडपू नयेत. उद्या एखाद्या प्रबंधात आपल्याच वॉर्डातील बेडसोअरचे प्रमाण अपेक्षेपेक्षा अधिक दिसले, तर ते वाचणे कोणालाही सुखाचे होणार नाही. परंतु लेखापरीक्षकाने दाखविलेली त्रुटी आपण जशी सभेपुढे ठेवतो व दुरुस्त करतो, तीच वृत्ती येथे हवी. चांगलेच निष्कर्ष हवे असतील तर संशोधनाची गरज नाही. त्यासाठी जाहिरात पुरेशी आहे.

याच्या मोबदल्यात संस्थेनेही काही अपेक्षा ठेवणे गैर नाही. पदवीनंतर ठराविक काळ येथे सेवा द्यावी, निष्कर्ष सहकारी परिचारिकांना मराठीत समजावून सांगावेत आणि जे उपयुक्त ठरले ते वॉर्डाच्या रोजच्या पद्धतीत आणण्यास मदत करावी. मात्र या अटी सही करताना लेखी असाव्यात. मागाहून घालू नयेत.

सभासदांनी विचारलेल्या दोन प्रश्नांचा निवाडा असा आहे. या शिक्षणाला वर्षे लागतात, कारण प्रत्येक पायरीवर कोणीतरी तपासणारा उभा आहे, आणि असावाच. त्या वर्षांचा सदुपयोग होतो की अपव्यय, हे परिचारिकेच्या चिकाटीइतकेच तिच्या ड्यूटीच्या तक्त्यावर अवलंबून आहे. 'कर्मचारी प्रशिक्षण व अभ्यासरजा' या खात्यातील रक्कम म्हणजे त्या तक्त्यात विकत घेतलेला वेळ होय. आगामी वर्षाचे अंदाजपत्रक सभेपुढे येईल तेव्हा या खात्यात बदली परिचारिकांच्या वेतनाची स्वतंत्र ओळ दिसेल. ती ओळ सभासदांनी बारकाईने पाहावी, तीवर प्रश्न विचारावेत आणि पटल्यास तिला उदार मनाने मंजुरी द्यावी, ही नम्र विनंती.